नियमाचा शब्द आणि मोटारीचा तळ : फॉर्म्युला वन शर्यतींतील तांत्रिक स्थित्यंतरे

प्रस्तावना

'फॉर्म्युला वन' या नावातील पहिल्या शब्दाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. फॉर्म्युला म्हणजे सूत्र. शर्यतीत उतरणारी मोटार कशी असावी हे ठरविणारा नियमांचा संच. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील ग्रां प्री शर्यतींसाठी पहिल्या दर्जाचे जे सूत्र निश्चित झाले, त्याचेच नाव पुढे त्या खेळाला चिकटले. नियमावलीच्याच नावाने ओळखला जाणारा दुसरा खेळ सहजी आठवत नाही. हा योगायोग अर्थपूर्ण आहे. कारण या खेळात नियम हे केवळ स्पर्धेचे कुंपण नसून ते मोटारीच्या रचनेचे पहिले कारण असतात. नियम बदलला की मोटार बदलते आणि मोटार बदलली की नियम बदलावा लागतो.

१९५० साली सिल्व्हरस्टोन येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा आरंभ झाला. तेव्हापासूनच्या सर्व नियमबदलांची जंत्री देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. तशा याद्या अन्यत्र उपलब्ध आहेत. येथे एकाच प्रश्नाचा परामर्श घ्यावयाचा आहे. नियम करणाऱ्यांना जे साध्य करावयाचे असते, उदाहरणार्थ वळणावरील वेग कमी करणे, ते जसेच्या तसे नियमात लिहिता येत नाही. नियमात लिहावी लागते ती मोजता येण्याजोगी गोष्ट : इतके लिटर, इतके किलोग्रॅम, इतके मिलिमीटर. हेतू आणि मोजमाप यांच्यामध्ये जे अंतर उरते, त्या अंतरातच या खेळातील बहुतेक मोठे शोध जन्माला आले आणि काही भीषण प्रसंगांची पार्श्वभूमीही तेथेच तयार झाली. परीक्षापद्धतीशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्या वाचकांस हे अंतर काय असते ते वेगळे सांगावयास नको.

लिटरचे माप

आरंभीच्या काळात नियमकर्त्यांचे सारे लक्ष इंजिनाच्या आकारमानावर होते. १९५०च्या सूत्रानुसार सुपरचार्जर असलेल्या इंजिनास दीड लिटरची, तर तो नसलेल्या इंजिनास साडेचार लिटरची मर्यादा होती. अल्फा रोमिओने पहिली दोन वर्षे गाजवून निवृत्ती स्वीकारल्यावर स्पर्धेत पुरेशा मोटारी उरतील की नाही अशी शंका निर्माण झाली. परिणामी १९५२ व १९५३ या दोन वर्षांचे अजिंक्यपद चक्क खालच्या दर्जाच्या, म्हणजे फॉर्म्युला टूच्या दोन लिटर इंजिनांवर खेळविले गेले. १९५४पासून मर्यादा अडीच लिटर, १९६१पासून दीड लिटर आणि १९६६पासून तीन लिटर अशी ती वरखाली होत राहिली.

इंजिनाचे आकारमान आटोक्यात ठेवले की वेग आटोक्यात राहील, असा यामागचा विचार. परंतु या काळातील सर्वांत मोठे परिवर्तन इंजिनाच्या आकारमानात नव्हे तर त्याच्या जागेत घडले, आणि त्याविषयी नियम मौन होते. १९५८ साली अर्जेंटिनाच्या ग्रां प्रीमध्ये स्टर्लिंग मॉसने चालकाच्या पाठीमागे इंजिन असलेल्या छोट्या कूपर मोटारीतून विजय मिळविला. तिचे इंजिन प्रतिस्पर्ध्यांच्या इंजिनांहून लहान होते. १९५९ व १९६० या दोन्ही वर्षी जॅक ब्रॅबम कूपरमधूनच अजिंक्य ठरला आणि पुढे इंजिन असलेल्या मोटारींचे युग अल्पावधीत संपले. १९६७ साली हॉलंडमधील झँडवूर्ट येथे कॉसवर्थ डीएफव्ही हे तीन लिटरचे इंजिन लोटस मोटारीत बसवून जिम क्लार्कने पहिल्याच शर्यतीत विजय मिळविला. हे इंजिन लवकरच इतर संघांनाही विकत मिळू लागले. इंजिन सर्वांपाशी सारखेच असेल, तर वेगळेपण आणावयाचे कोठून? ज्या गोष्टीचे माप नियमपुस्तकात नव्हते ती शोधणे भाग होते. ती गोष्ट म्हणजे हवा.

हवेचा शोध

विमानाचा पंख हवेच्या साहाय्याने विमान उचलतो. तोच पंख उलटा बसविला तर तो मोटारीला खाली दाबतो. टायर रस्त्यावर अधिक दाबला गेला की त्याची पकड वाढते, आणि विशेष म्हणजे मोटारीचे वजन न वाढता ती वाढते. १९६८च्या हंगामात मोटारींवर असे पंख दिसू लागले आणि वर्षभरात ते उंच, बारीक खांबांवर चढले. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनातील माँजुईक येथे लोटसच्या दोन्ही मोटारींचे पंख भर शर्यतीत मोडून पडले. आधी ग्रॅहम हिलची मोटार आदळली. नंतर योखेन रिंटची मोटार त्याच ठिकाणी हिलच्या मोडक्या मोटारीवर जाऊन धडकली. हिल सुखरूप राहिला, रिंट जखमी झाला. त्यानंतरच्या मोनॅकोच्या शर्यतीत सराव सुरू असतानाच उंच पंखांवर बंदी आली. हवेवर परिणाम करणारा कोणताही भाग मोटारीच्या सांगाड्याला पक्का जोडलेला असावा, हलता नसावा, हे तत्त्व या घटनेतून नियमावलीत रुजले. पुढील पन्नास वर्षांत हे एक वाक्य किती ठिकाणी आणि किती परस्परविरोधी कामांसाठी वापरले गेले, हे पाहण्यासारखे आहे.

१९७०च्या दशकात कॉलिन चॅपमनच्या लोटस संघातील अभियंत्यांनी उलटा पंख मोटारीवर न ठेवता मोटारीलाच पंख बनविले. मोटारीच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ भागांचा तळ वक्राकार करून त्याखालून हवा अरुंद वाटेने वेगात जाईल अशी योजना केली. प्रवाहाचा वेग वाढला की त्याचा दाब कमी होतो, हे बर्नूलीचे तत्त्व पदार्थविज्ञानाच्या पदवीवर्गात शिकविले जाते. तळाखाली दाब कमी झाला की वरची हवा मोटारीला रस्त्याकडे दाबते. बाजूने बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून कडेला रस्त्याला टेकणाऱ्या, वरखाली सरकणाऱ्या झालरी लावल्या. १९७८ साली 'लोटस ७९' या मोटारीतून मारिओ आंद्रेत्तीने अजिंक्यपद मिळविले.

यावर ब्रॅबम संघाचे अभियंते गॉर्डन मरी यांनी जे उत्तर शोधले, ते नियमाच्या शब्दाचे कसे वाचन होते याचा उत्तम नमुना आहे. त्यांच्या मोटारीत अल्फा रोमिओचे रुंद, आडवे बारा सिलिंडरचे इंजिन होते. त्यामुळे लोटससारख्या वक्र पोकळ्यांना जागाच उरत नव्हती. मरी यांनी मोटारीच्या मागे एक मोठा पंखा बसविला. तो तळाखालची हवा ओढून घेई आणि मोटार रस्त्याला चिकटून राही. हवेवर परिणाम करणारा हलता भाग निषिद्ध होता हे खरे. परंतु संघाचा युक्तिवाद असा, की पंख्याचे मुख्य काम इंजिन थंड करणे हे आहे, कारण त्याने ओढलेल्या हवेपैकी निम्म्याहून अधिक हवा शीतकातून जाते. १७ जून १९७८ रोजी स्वीडनमधील अँडर्स्टॉर्प येथे निकी लाउडाने ही मोटार सहज जिंकून दाखविली. त्यानंतर ती पुन्हा कधीच शर्यतीत उतरली नाही. इतर संघांचा विरोध तीव्र होता. संघाचे मालक बर्नी एक्लस्टन हे त्याच संघांच्या संघटनेचे प्रमुख असल्याने त्यांनी मोटार मागे घेतली आणि पुढे पंख्यावर बंदी आली. विजय मात्र कायम राहिला. निम्म्याहून अधिक म्हणजे 'मुख्य', हे गणित कोणासही खोडता आले नाही.

साठ मिलिमीटर

झालरींमुळे वळणावरील वेग इतका वाढला, की एखादी झालर वर अडकून बसली तर मोटारीची पकड क्षणात नाहीशी होई आणि चालकाच्या हाती काहीच उरत नसे. म्हणून १९८१च्या हंगामासाठी सरकत्या झालरींवर बंदी घालण्यात आली आणि मोटारीचा तळ जमिनीपासून किमान ६० मिलिमीटर उंच असावा असे ठरले. हेतू स्पष्ट होता. परंतु ही उंची मोजावयाची केव्हा? धावत्या मोटारीखाली पट्टी सरकविणे कोणासही शक्य नव्हते; त्यामुळे मोजणी पिटमध्ये, थांबलेल्या मोटारीवर होत असे.

पुन्हा ब्रॅबम आणि पुन्हा मरी. त्यांनी द्रव व वायू यांवर चालणारे असे सस्पेन्शन तयार केले, की वेग वाढला म्हणजे हवेच्याच दाबाने मोटार खाली बसावी आणि वेग मंदावल्यावर सावकाश वर यावी. मोजणीच्या वेळी ६० मिलिमीटर. वळणावर जवळपास काहीच नाही. यात चालकाने चालविण्याचे कोणतेही यंत्र नव्हते, त्यामुळे उंची बदलणारे साधन बसविले आहे असे म्हणता येईना. नेल्सन पिके त्या वर्षी अजिंक्य ठरला. अन्य संघांनी आपापल्या परीने अनुकरण केले आणि ज्या नियमाने वेग कमी व्हावयाचा, त्याने प्रत्यक्षात मोटारी अधिक ताठ केल्या. खाली बसलेली मोटार उसळू नये म्हणून स्प्रिंगा दगडासारख्या घट्ट ठेवल्या जात. त्यांचे हादरे चालकाच्या मणक्याला सोसावे लागत. पुढील वर्षी ती उंचीची अटच सोडून देण्यात आली.

१९८२ हे वर्ष या खेळाच्या इतिहासातील अत्यंत क्लेशकारक वर्षांपैकी एक. हंगामाच्या प्रारंभी वाद होता तो वजनाचा. किमान वजन ५८० किलोग्रॅम होते आणि शर्यतीनंतर वजन करण्यापूर्वी शीतकद्रव्ये पुन्हा भरण्यास मुभा होती. काही संघांनी 'ब्रेक थंड करण्यासाठी' म्हणून पाण्याच्या मोठ्या टाक्या बसविल्या. शर्यत सुरू होताच पाणी सांडून द्यावयाचे, हलक्या मोटारीने शर्यत करावयाची आणि शेवटी टाकी भरून वजनाला उभे राहावयाचे. ब्राझीलमध्ये पहिला आलेला पिके आणि दुसरा आलेला केके रोझबर्ग या दोघांनाही बाद ठरविण्यात आले. निषेध म्हणून ब्रिटिश संघांपैकी बहुतेकांनी इमोलाच्या शर्यतीवर बहिष्कार घातला. तेथे केवळ १४ मोटारी धावल्या. त्यानंतर ८ मे रोजी बेल्जियममधील झोल्डर येथे पात्रता फेरीत जिल व्हिलनव्ह मृत्युमुखी पडला. जूनमध्ये कॅनडात रिकार्दो पालेत्ती गेला. ऑगस्टमध्ये जर्मनीत दिदिए पिरोनीचे पाय इतके चिरडले, की तो फॉर्म्युला वनमध्ये परत येऊ शकला नाही. या तिन्ही अपघातांचे प्रत्यक्ष कारण मोटारीचा तळ हे नव्हते. तिन्हींत एक मोटार दुसऱ्या मोटारीवर मागून आदळली होती. मात्र या मोटारी जितक्या वेगाने जात होत्या तितका वेग त्यांच्या सांगाड्यांना आणि मार्गांना पेलणारा राहिला नव्हता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

१९८३साठी जो नियम आला त्याची भाषा पूर्वीपेक्षा वेगळी होती. तळ किती उंच असावा हे सांगण्याऐवजी तळाचा आकार कसा असावा हे सांगितले गेले : पुढच्या आणि मागच्या चाकांमधील भाग सपाट असला पाहिजे. उंची धावताना बदलते. आकार सहसा बदलत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तांत्रिक नियमलेखनातील हा पहिला खरा शहाणपणाचा टप्पा होय.

टर्बोचे पर्व

तळ सपाट झाल्यावर स्पर्धा पुन्हा इंजिनाकडे वळली. १९६६च्या सूत्रात दीड लिटरच्या दाबभरित इंजिनास मुभा होती, परंतु ती वाट कोणी घेतली नव्हती. १९७७ साली रेनोने टर्बोचार्जर घेऊन त्या वाटेने प्रवेश केला आणि १९७९ साली दिजाँ येथे पहिला विजय मिळविला. १९८०च्या दशकाच्या मध्यास पात्रता फेरीसाठी तयार केलेली ही इंजिने हजार अश्वशक्तीच्या पुढे गेली. मग इंधन २२० लिटर, १९५ लिटर, १५० लिटर असे घटत गेले. हवेचा दाब आधी चार बार आणि मग अडीच बारवर आणला गेला. गंमत अशी, की सर्वांत कडक निर्बंधांच्या १९८८ या वर्षी मॅक्लारेन-होंडाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. निर्बंध जितका कडक, तितका तो अधिक साधनसंपन्न संघाच्या पथ्यावर पडतो, असा अनुभव पुढेही वारंवार आला. १९८९पासून टर्बो बाद झाले.

स्मरण ठेवणारी मोजपट्टी

१९९४च्या हंगामापूर्वी संगणक-नियंत्रित सस्पेन्शन व चाकांची घसरण रोखणारी यंत्रणा यांवर बंदी आली. ३० एप्रिल व १ मे १९९४ या दोन दिवसांत इमोला येथे रोलांड रात्झेनबर्गर आणि आयर्टन सेना यांचे निधन झाले. त्यानंतर घाईने आलेल्या उपायांपैकी एक उपाय दिसावयास अगदी साधा होता. मोटारीच्या सपाट तळाला १० मिलिमीटर जाडीची फळी बसविण्यात आली. शर्यतीच्या शेवटी ती ठरावीक मर्यादेपलीकडे झिजलेली असेल, तर मोटार बाद.

१९८१च्या नियमाशी याची तुलना करावी. तेव्हाची मोजपट्टी थांबलेल्या मोटारीची होती. धावताना काय घडले हे तिला कळत नव्हते. फळीची मोजणीही थांबलेल्या मोटारीवरच होते, पण फळी झिजते ती धावताना. तळ किती वेळा आणि किती जोराने रस्त्याला घासला याची नोंद तिच्या अंगावरच राहते. त्याच वर्षी बेल्जियममध्ये पहिल्या आलेल्या मायकल शूमाकरला फळी अधिक झिजल्यामुळे विजय गमवावा लागला. २०२३ साली ऑस्टिन येथे लुईस हॅमिल्टन आणि शार्ल लक्लेर, तर नोव्हेंबर २०२५मध्ये लास व्हेगास येथे मॅक्लारेनचे लँडो नॉरिस व ऑस्कर पियास्त्री याच कारणाने बाद ठरले. एकतीस वर्षांत फळीला बगल देणारा टिकाऊ युक्तिवाद कोणालाही सापडला नाही.

शब्द आणि हेतू

सर्वच गोष्टींना अशी फळी लावता येत नाही. तेथे मग नियामकाला शब्दाचा अर्थ ताणावा लागतो. २००६ साली रेनोच्या मोटारीच्या नाकाडात स्प्रिंगांवर बसविलेले एक वजन होते. मोटारीचे हिंदोळे शमविणे हे त्याचे काम. ते पूर्णपणे बंदिस्त असून हवेचा त्याला स्पर्शही होत नव्हता. तरीही, मोटार स्थिर राहिल्याने हवेचा परिणाम सुधारतो या तर्काने अपील न्यायालयाने ते 'हवेवर परिणाम करणारे हलते साधन' ठरविले. १९७८चा पंखा साक्षात हवा ओढत होता आणि त्याचा विजय वैध राहिला. २००६चे वजन हवेला लागतही नव्हते आणि ते निषिद्ध ठरले. वाक्य एकच, वाचन दोन. कायद्याच्या अभ्यासकांना यात शब्दार्थ आणि तात्पर्य यांचा जुना वाद दिसेल.

२००९मध्ये काटा पुन्हा शब्दाकडे झुकला. मागील मोटारीस पुढे जाणे सुलभ व्हावे म्हणून त्या वर्षी तळाच्या मागील चढत्या भागाचा, म्हणजे डिफ्यूझरचा, आकार कमी केला होता. ब्रॉन, टोयोटा व विल्यम्स या तीन संघांनी तळाच्या दोन पातळ्यांमधील फटीतून हवा नेऊन त्यावर दुसरा डिफ्यूझर उभा केला. १५ एप्रिल रोजी अपील न्यायालयाने तो वैध ठरविला. होंडाने सोडून दिलेल्या संघातून उभ्या राहिलेल्या ब्रॉनसाठी जेन्सन बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या आणि पुढे दोन्ही अजिंक्यपदे त्या संघाकडे गेली. २०१०मध्ये मॅक्लारेनने आणखी एक पाऊल पुढे टाकले. चालकाने गुडघ्याने एक छिद्र झाकले, की हवा मागील पंखाकडे वळून त्याचा अडथळा कमी होई. मोटारीत हलणारा भाग एकही नव्हता. हलत होता तो चालक, आणि चालक हा मोटारीचा भाग नव्हे. पुढील वर्षी ही युक्ती बंद झाली. मात्र सरळ मार्गावर मागील पंख उघडण्याची सोय नियमानेच सर्वांना दिली.

नवे मोजमाप

२०२१पासून पैशालाही माप लागले. संघाच्या वार्षिक खर्चावर १४.५ कोटी डॉलरची मर्यादा आली. पहिल्याच वर्षी ती ओलांडल्याबद्दल रेड बुलला ७० लाख डॉलर दंड आणि वातगतिकी चाचण्यांत १० टक्के कपात अशी शिक्षा झाली. हिशेबतपासनीस हा या खेळात अभियंत्याइतकाच महत्त्वाचा ठरू लागला.

२०२२ साली वक्र तळ जवळपास चार दशकांनी परतला. मागून येणाऱ्या मोटारीला विस्कळीत हवेचा त्रास कमी व्हावा हा हेतू. त्यासोबत जुने दुखणेही परतले : मोटार वेगात खाली ओढली जाई, तळाखालचा प्रवाह तुटे, ती उसळे आणि पुन्हा ओढली जाई. बाकू येथील शर्यतीनंतर हॅमिल्टनला मोटारीतून बाहेर पडणेही कठीण झाल्याचे सर्वांनी पाहिले. या वेळी नियामकांनी पट्टी न वापरता मोटारीचे उभे हेलकावेच मोजावयाचे ठरविले. ठरावीक मर्यादेबाहेर उसळणारी मोटार अवैध. १९८१ साली जे मोजता आले नव्हते ते संवेदकांमुळे आता मोजता आले. पुढील वर्षी तळाच्या कडाही १५ मिलिमीटर उचलल्या गेल्या. त्या २०२३ सालच्या २२पैकी २१ शर्यती रेड बुलने जिंकल्या, हे १९८८ची आठवण असणाऱ्यांस नवल वाटण्यासारखे नव्हते.

२०२६पासून लागू झालेल्या सूत्राने या सर्वांची पुन्हा उलथापालथ केली. वक्र तळ बहुतांशी गेला. विजेच्या मोटरची क्षमता १२० किलोवॅटवरून ३५० किलोवॅटवर गेली. किमान वजन ८०० किलोग्रॅमवरून ७६८ किलोग्रॅमपर्यंत उतरले. १९६९ साली माँजुईकच्या अपघाताने जे हद्दपार झाले होते, ते हलते पंख मोटारीच्या पुढेही आणि मागेही अधिकृतपणे बसविण्यात आले.

इंजिनाच्या सिलिंडरमधील संपीडन गुणोत्तर १८ वरून १६ वर आणण्यात आले होते, आणि हे गुणोत्तर सभोवतालच्या तापमानाला मोजावे असे नियमात म्हटले होते. हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्यावरून वाद उद्भवला. धातू तापला की प्रसरण पावतो. तेव्हा थांबलेल्या, थंड इंजिनात १६ भरणारे गुणोत्तर धावत्या इंजिनात तेवढेच राहील का, असा प्रश्न काही इंजिन-उत्पादकांनी नियामकांपुढे मांडला.